गटारीला शिकागो डॉग: प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२४, रविवार. नेपरव्हिल, इलिनॉय

काम काय आहे ते आधीच लिहून ठेवतो. मध्येच कुणी "हे कुणी सांगितलं होतं करायला?" असं विचारलं, तर दाखवता येईल. शिकागोत मिळतो तसा हॉट डॉग घरी करायचा आणि त्यावर पडणाऱ्या सात वस्तूंपैकी जमतील तितक्या घरी बनवायच्या. तारीख ४ ऑगस्ट, आषाढ अमावस्या. यंदा गटारी रविवारी आली आहे आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतोय तो थेट सोमवारी. म्हणजे पुढे ढकलायची सोयच नाही.

सात वस्तू अशा: पिवळं मस्टर्ड (मोहरीचा सॉस), भडक हिरवी गोड रेलिश (काकडीचं बारीक चिरलेलं लोणचं), बारीक चिरलेला पांढरा कांदा, टोमॅटोच्या फोडी, शेपूच्या खारात मुरलेल्या काकडीची उभी फोड, स्पोर्ट मिरच्या आणि सगळ्यावर भुरभुरलेलं सेलरी मीठ. खाली खसखस लावलेला, वाफवलेला बन. आत बीफचं सॉसेज. केचप नाही. त्या 'नाही'वर वेगळं लिहावं लागणार आहे.

मार्चमध्येच हात घातला तो मिरच्यांमुळे. स्पोर्ट मिरची बोटाच्या दोन पेरांएवढी, व्हिनेगरात घातलेली. बाटलीत कुठेही मिळते, ताजी मात्र आमच्या बाजारात मला दिसलेली नाही. बी मागवलं आणि आज तळघरात ट्रेमध्ये पेरलं, वर दिवा, खाली गरम पट्टी. मिरचीला रुजायला ऊब लागते, थंड मातीत बी ढिम्म बसून राहतं.

१९ मे, रविवार

रोपं बाहेर आली. इथे मेच्या मध्यापर्यंत पहाटेच्या हिमाचा भरवसा नसतो, म्हणून इतके दिवस ती तळघरातच सांभाळली. मिरच्या मोठ्या कुंड्यांमध्ये, टोमॅटो कुंपणालगत.

सासूबाई पुण्याहून आल्या आहेत, सप्टेंबरपर्यंत राहतील. प्रकल्प समजावून सांगितला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पावात घालून सॉसेज. त्याला मार्चपासून तयारी?" पुढे एक अट आली: बीफ त्या खात नाहीत. कोंबडी, मटण, मासे सगळं चालतं, गटारीला वजडीही लागते, पण ते नाही. त्यामुळे कोंबडीचं सॉसेज कामात आलं, आणि ते दुकानातलं बिनसालीचं चालणार नाही. शिकागोच्या सॉसेजवर दात पडला की 'कट्' असा आवाज यायला हवा. तो आवाज मेंढीच्या आतड्याच्या आवरणाचा असतो. हे सांगितल्यावर त्यांची एकही हरकत आली नाही. वजडी धुतलेल्या बाईला आतड्याचं काय!

२ जून, रविवार

सतरा वर्षांनी येणारे सिकाडा किडे यंदा बाहेर पडलेत. झाडाखाली उभं राहून फोनवर बोलता येत नाही इतका गोंगाट. आजचा दिवस पाहणीचा. आधी रिव्हर ग्रोव्हमधलं जीन अँड ज्यूड्स. १९४६ साली सुरू झालेला धंदा, बसायला खुर्ची नाही, रांग मात्र दाराबाहेर. यांच्या हॉट डॉगवर मस्टर्ड, रेलिश, कांदा, स्पोर्ट मिरच्या इतकंच असतं आणि वर बटाट्याच्या गरम सळ्यांचा ढीग, तोही त्याच कागदात गुंडाळलेला. टोमॅटो नाही, काकडी नाही, सेलरी मीठ नाही. शिकागोतले लोक ज्याला पक्का नियम म्हणून मिरवतात त्यातल्या तीन वस्तू इथे गायब, तरी इथल्या हॉट डॉगला कुणी खोटा म्हणत नाही.

तिथून मिलवॉकी अव्हेन्यूवर सुपरडॉग. हे १९४८चं. छतावर हॉट डॉगची दोन पुतळ्यांची जोडी उभी, त्यातली एक स्कर्ट घातलेली. इथे टोमॅटो लाल नसतो, हिरवा आणि मुरवलेला असतो. लेकीला पुतळे आवडले. मला ती हिरवी फोड. आंबटपणा होताच, शिवाय पाणी कमी सुटत होतं.

हे वहीत घेतो: खरी अडचण पाण्याची आहे. सातांपैकी पाच वस्तू ओल्या आहेत, बन मऊ आहे, त्यात वाफ. घरी केलेला हॉट डॉग चौथ्या घासाला हातात का विरघळतो त्याचं उत्तर इथे आहे.

येताना डिव्हॉन अव्हेन्यूवर, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर थांबलो. सासूबाईंना ओला नारळ आणि कढीपत्ता हवा होता. मी खसखस घेतली.

९ जून, रविवार

आज हाताने काही केलं नाही, वाचन केलं. इथल्या एका जुन्या सॉसेज कंपनीची, म्हणजे व्हिएन्ना बीफची, कुळकथा १८९३च्या जागतिक प्रदर्शनापासून सुरू होते. एमिल रायशेल आणि सॅम्युएल लदानी हे ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले दोघे तिथे सॉसेज विकत होते. आपल्याकडे शिकागो म्हटलं की १८९३ आणि विवेकानंद एवढंच आठवतं. सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, सप्टेंबरमध्ये. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांच्या नावाला हे चिकटवू नका." चिकटवत नाही. साल एकच होतं एवढंच लिहितो.

त्या सॉसेजमध्ये डुकराचं मांस नव्हतं. शिकागोतल्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात गिऱ्हाईक आणि विक्रेते दोन्ही बहुतेक ज्यू, पूर्व युरोपातून आलेले. भाज्यांची गर्दी पुढची. १९२९मध्ये एब ड्रेक्सलरने त्याच रस्त्यावर फ्लूकीज नावाची गाडी टाकली आणि पाच सेंटात सॉसेजवर भाजीपाला घालून द्यायला लागला, असं सांगतात. मंदीत एका नाण्यात पोट भरायचं तर मांस वाढवून परवडणार नाही, भाज्या वाढवल्या. शहराच्या आजूबाजूला भाजीचे मळे होतेच. लेक व्ह्यू हा आजचा महागडा भाग त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, सेलरी पिकवायचा. सेलरी मीठ कुठून आलं असेल याचा अंदाज बांधायला एवढं मला पुरे.

आता केचप. इथे केचप मागितलं की हशा होतो. हॉट डॉगवाल्यांच्या राष्ट्रीय मंडळानेच शिष्टाचाराचे नियम छापले आहेत आणि त्यात अठरा वर्षांवरच्या माणसाने हॉट डॉगवर केचप घेऊ नये असं कलम आहे. २०१७ साली हाइन्झ कंपनीने साधं केचप 'शिकागो डॉग सॉस' अशी चिठ्ठी लावून आणलं. लोकांनी खाल्लं, आवडलं म्हणाले, मग बाटलीत केचपच आहे हे कळल्यावर तोंडं वाकडी केली. मला यात धर्म दिसत नाही, हिशेब दिसतो. गोडवा रेलिशमध्ये आहे, टोमॅटो प्रत्यक्ष बसलेला आहे, आंबट तर मस्टर्ड, काकडी आणि मिरची अशा तीन ठिकाणांहून येतंय. केचप म्हणजे साखर, टोमॅटो आणि व्हिनेगर. तिघांची हजेरी आधीच लागली आहे. शिवाय ते पातळ. जीन अँड ज्यूड्सला टोमॅटो नाही तरी चालतं, कारण तिथे गोडवा रेलिश सांभाळते.

लेक अकरा वर्षांची आहे. नियमाप्रमाणे तिला अजून सात वर्षं मुभा आहे, हे तिनेच काढून दाखवलं.

१६ जून, रविवार

सेलरी मीठ झालं, पाच मिनिटांचं काम. सेलरीच्या बिया एक भाग, मीठ दोन भाग, बिया खलबत्त्यात जाडसर कुटून मग मीठ. बियांच्या पाकिटावर उगम म्हणून भारत छापलंय. पंजाबात सेलरी बियांसाठीच लावतात. वास ओव्याच्या घराण्यातला, पण कडसर. सेलरीची पानं मंद ओव्हनमध्ये सुकवून थोडी मिसळली, त्याने हिरवा ताजा वास आला. हे दुकानातल्यापेक्षा निर्विवाद चांगलं.

रेलिशचं तसं नाही. काकडी, हिरवी ढोबळी आणि कांदा बारीक चिरून, मीठ लावून दोन तास चाळणीत ठेवलं, पिळून पाणी काढलं. मग व्हिनेगर, साखर, मोहरी, सेलरीच्या बिया घालून आटवलं. चव उत्तम. रंग शेवाळी. तो तसाच होणार, कारण आंबटात हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मळकट पडतो. शिकागोच्या बाटलीत जो डोळ्यांत घुसणारा हिरवा दिसतो तो निळ्या खाद्यरंगाची करामत आहे.

घालायचा की नाही यावर जेवताना चर्चा झाली. बायकोचं म्हणणं, "चव चांगली आहे ना, मग रंगपंचमी कशाला?" माझं म्हणणं, हा रंग दिसला नाही तर तो शिकागो डॉग दिसत नाही. माणूस आधी डोळ्यांनी खातो. थोड्या रेलिशमध्ये निळ्या रंगाचा एक थेंब टाकून पाहिला. हुबेहूब. दोन बरण्या ठेवल्या आहेत.

मस्टर्ड विकतचंच. पिवळ्या मस्टर्डचा पिवळेपणा हळदीचा असतो आणि मी सांगलीचा, त्यामुळे या बाबतीत थोडा अभिमान आहे, पण घरी वाटून पाहिलेलं फार झणझणीत होतं. शिकागोला साधं, स्वस्त, गिळगिळीत पिवळं मस्टर्डच लागतं. इथे सुधारणा करायला जाऊ नये.

३० जून, रविवार

बन. घरगुती कामात सर्वांत जास्त विचार यालाच लागला.

पीठ: जास्त ग्लुटेनचा मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध २८० मिली, अंडं १, साखर ४० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, यीस्ट ७ ग्रॅम, मऊ लोणी ५० ग्रॅम. लोणी शेवटी, मळून झाल्यावर थोडं थोडं. पीठ ताणलं की फाटता कामा नये, पातळ पडदा झाला पाहिजे. ६५ ग्रॅमचे गोळे, सहा इंच लांब वळायचे, ट्रेमध्ये बोटभर अंतर ठेवून लावायचे. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात, त्यामुळे बाजू मऊ राहतात आणि रंग फक्त वर चढतो. अंड्याचा पांढरा बलक लावून खसखस. १९० अंशांवर सोळा-सतरा मिनिटं.

खसखशीवरून घोळ. डिव्हॉनवरून आणलेली आपली पांढरी, अनारशाची. इथल्या बनवर निळसर काळी लागते. पांढरी लावलेले बन दिसायला सपक. सासूबाईंनी उरलेली खसखस लगेच आपल्या ताब्यात घेतली, "गणपतीनंतर दिवाळी आहेच." त्या दिवाळीला इथे नसतील, पण अनारसे करून ठेवून जाणार आहेत असं दिसतंय.

चव चांगली, पण वाफेत ठेवल्यावर बनचा तळ ओलसर झाला. ताजा बन वाफ पितो.

७ जुलै, रविवार

निळी खसखस आणली. मोठा फरक दुसऱ्याच गोष्टीने पडला: बन आदल्या दिवशी भाजले. रात्रभर फडक्यात ठेवलेला बन किंचित कोरडा होतो आणि मग वाफेला जेवढं हवं तेवढंच घेतो. ४५ सेकंद ते एक मिनिट पुरतं. हाताला लागलं तर चटका बसेल इतका गरम, पण तळ कोरडा. एका बाजूने चीर द्यायची आणि मागची बिजागरी शाबूत ठेवायची, वरून कापायचा नाही.

वाफवायला मोदकपात्र मागितलं. मिळालं नाही.

"आई, नुसता पाव आहे. त्यात बीफ नाही, काही नाही."

"पाव नुसता असेल. पण शेजारच्या शेगडीवर काय उकळत असणार ते मला माहिती आहे. गणपतीच्या मोदकांना ते भांडं लागतं."

मुद्दा संपला. चिनी दुकानातून बांबूची चाळणी आणली, आठ डॉलर. झाकणात बांबू असल्याने वाफेचं पाणी परत टपकत नाही, मोदकपात्राच्या झाकणातून टपकतं. हे मी फक्त इथे लिहितोय.

१३ जुलै, शनिवार

शेतकऱ्यांच्या बाजारात छोट्या, खडबडीत सालीच्या काकड्या आल्या. लोणच्याला याच लागतात, कोशिंबिरीची लांब काकडी दोन दिवसांत बिलबिलीत होते. शेपू फुलोऱ्यावर आलेला मिळाला, पिवळ्या छत्र्यांसकट. पानांपेक्षा फुलात वास जास्त. बायकोला शेपू लहानपणापासून वर्ज्य, त्यामुळे बरणी तळघरात.

पाणी १ लिटरला मीठ ४० ग्रॅम, आयोडीन नसलेलं. काकडीच्या फुलाकडच्या टोकाची पातळ चकती कापून टाकायची. तिथे जे एन्झाइम असतं ते काकडी मऊ करतं. लसूण ठेचून, मिरी, मोहरी, दोन तमालपत्रं, शेपूचे फुलोरे. काकड्या बरणीत उभ्या, गच्च, वर खार, आणि त्यावर पाणी भरलेली छोटी पिशवी, म्हणजे एकही वर डोकं काढणार नाही. व्हिनेगर अजिबात नाही. आपल्या खारातल्या कैऱ्यांचंच तंत्र. सासूबाईंनी बरणी पाहिली आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मान्यतेचा हुंकार दिला. पुढे एकच प्रश्न विचारला, पाणी उकळून गार केलं होतं का. केलं होतं.

१६ जुलै, मंगळवार

काल रात्री वादळ. शिकागो परिसरात एकापाठोपाठ एक टोर्नेडोचे इशारे, फोन किंचाळत होता, आम्ही सगळे तळघरात, काकडीच्या बरणीशेजारी. लाइट गेले ते सकाळी आले. फ्रिजमधलं दूध फेकलं. बरणीला काही झालं नाही, खाराला वीज लागत नाही. मिरचीच्या तीन कुंड्या आडव्या, दोन झाडं बुंध्यापाशी मोडली. मोडलेल्यांवरच्या मिरच्या काढून घेतल्या, हिरव्याच, आणि स्पोर्ट मिरची हिरवीच घालतात म्हणून हळहळ फार केली नाही.

१७ जुलै, बुधवार

आज आषाढी एकादशी आणि आजच इथला राष्ट्रीय हॉट डॉग दिवस. दुकानांच्या सवलतींचे ईमेल सकाळपासून येतायत. घरी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. प्रकल्पाचं काम बंद.

२० जुलै, शनिवार

मिरच्या बाटलीत गेल्या. देठ अर्धा सेंटिमीटर ठेवून, सुईने एकेक भोक पाडून, नाहीतर आत व्हिनेगर शिरत नाही आणि मिरच्या तरंगत राहतात. ५ टक्के आम्लतेचं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात मीठ, उकळून वर ओतलं. वजनाला मिरच्या फार भरल्या नाहीत. कमी पडतील, विकतची बाटली लागेलच.

काकडी चाखली. खार गढूळ झालाय, तो व्हायलाच हवा. वर पांढरी साय आली होती, ती चमच्याने काढली. बाहेरून हिरवट-पिवळी, मध्ये अजून पांढरी, दाताखाली कडक. आणखी आंबट नको. फ्रिजमध्ये.

२७ जुलै, शनिवार

कोंबडीचं सॉसेज. तासन्‌तास उभं राहावं लागलं, तपशील ठेवतो.

मांडीचं मांस कातडीसकट १ किलो, तुकडे करून फ्रीझरमध्ये कडा टणक होईपर्यंत. मीठ १६ ग्रॅम. क्युरिंग मीठ २.५ ग्रॅम, म्हणजे ज्यात सोडियम नायट्राइट ६.२५ टक्के असतं ते. हे मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं, साध्या मिठात गफलत होऊ नये म्हणून, आणि ते चमच्याने मोजायचं नाही, ग्रॅमच्या काट्यावरच. रंग आणि हॅमसारखी चव त्यानेच येते. पॅप्रिका ६ ग्रॅम, लसूण ८ ग्रॅम, पांढरी मिरी ३ ग्रॅम, धणे २ ग्रॅम, जायपत्री १ ग्रॅम, साखर ५ ग्रॅम. बर्फाचा चुरा १५० ग्रॅम.

खरं कसब तापमानाचं. मांस, चरबी आणि पाणी यांचा एकजीव लगदा करायचा असतो आणि तो थंड असेपर्यंतच एकजीव राहतो. फूड प्रोसेसरचं पातं फिरलं की ऊब तयार होते. कोंबडीची चरबी मऊ, चटकन सुटते. मी १२ अंशांची मर्यादा ठेवली होती. थर्मामीटर खुपसून ठेवला, ९ वर गेलं की थांबायचं, उरलेला बर्फ टाकायचा, पुन्हा फिरवायचं. शेवटी लगदा फिकट गुलाबी, तुकतुकीत, उलथ्याला धरून राहणारा, थालीपिठाच्या भिजवलेल्या पिठासारखा चिवट. चमचाभर तव्यावर टाकून मीठ पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "लसूण वाढवा." वाढवला, त्यांचं बरोबर होतं.

मेंढीची आतडी मिठात मुरलेली येतात. तासभर कोमट पाण्यात, मग नळाचं पाणी आतून सोडून धुवायची. हे काम सासूबाईंनी मागून घेतलं. नळाखाली आतडं फुग्यागत भरायचं, कुठे भोक आहे ते धार दाखवते, तिथे कापायचं. मी भरताना घट्ट भरत होतो, तर वळसा देताना फाटतं म्हणून त्यांनी हात सैल करायला लावला. सहा इंचांवर पीळ, एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे उलगडत नाहीत. रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच, साल कोरडी व्हायला.

२८ जुलै, रविवार

कोळशाच्या कढईत एका कडेला थोडे निखारे, त्यावर हिकरीच्या लाकडाचे तुकडे, दुसऱ्या कडेला सॉसेज. तासभर मंद धूर. रंग विटकरी आला. मग ७८ अंशांच्या पाण्यात, आत ७४ भरेपर्यंत. लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर साल सुरकुतते.

चावलं. आवाज आला. बीफचा तो जड, तेलकट दरारा यात नाही हे मान्य, पण लसूण आणि धूर आहेत. फ्रीझर.

३ ऑगस्ट, शनिवार

बन भाजले, फडक्यात. बीफची सॉसेज बाहेरून आणली, आतड्याच्या आवरणाची, पौंडाला आठ बसतात ती. बीफ घरी करायचा विचार एकदाही आला नाही. जी वस्तू शंभरावर वर्षं एकाच गावात एकाच पद्धतीने करतायत तिथे मी काय भर घालणार? टोमॅटो कुंपणाजवळचे, चार पिकलेत.

टोमॅटोचा पाण्याचा प्रश्न असा सोडवला: अर्धचंद्र कापायचे, बिया बोटाने काढायच्या, मीठ न लावता कागदावर उलटे ठेवायचे. मीठ लावलं तर पाणी सुटतं आणि सेलरी मीठ वरून पडणारच आहे. कांदा चिरून थंड पाण्यात धुऊन फडक्यात पिळायचा. उग्रपणा जातो. रेलिश चाळणीत पाच मिनिटं.

४ ऑगस्ट, रविवार. गटारी

दोन पातेली, दोन चिमटे, दोन शेगड्यांमध्ये अंतर, आणि कोंबडीच्या पातेल्यावर लाल दोरा बांधलेला, सासूबाईंच्या देखरेखीखाली. पाणी ८० अंशांच्या आसपास, एकही बुडबुडा नाही. उकळी आली की साल फुटते आणि चव पाण्यात जाते. बीफच्या पातेल्यातल्या पाण्यावर केशरी तवंग आला की समजायचं, पाणी आता सॉसेजला काही देऊ लागलंय. म्हणून ते बदलायचं नाही.

मांडणीचा क्रम पाळला. बन, सॉसेज. मस्टर्ड सॉसेजवर, बनवर नाही. त्यावर रेलिश, मग कांदा. एका फटीत टोमॅटोचे अर्धचंद्र, समोरच्या फटीत काकडीची उभी फोड. दोन मिरच्या. सेलरी मीठ. टोमॅटो आणि काकडी भिंतींसारख्या दोन्हीकडून आत दाबतात, त्यामुळे मधला ढीग कोसळत नाही. हा क्रम मी आजवर दिखाऊ समजत होतो.

शेजारचं जोडपं इथलंच, दोघांचं बालपण शहराच्या दक्षिण भागात गेलेलं. त्याने हॉट डॉग हातात घेतला, रेलिशचा रंग पाहिला आणि मान डोलावली. निळ्या थेंबाची बरणी जिंकली. शेवाळी रेलिश बायकोने स्वतःच्या हॉट डॉगवर घेतली आणि चवीला तीच सरस असल्याचं दोनदा ऐकवलं. सरस होतीच. पण बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

काकडी सगळ्यात भाव खाऊन गेली. तिच्यात व्हिनेगर नसल्यामुळे आंबटपणा गोल, आणि शेजाऱ्याच्या बायकोने "हे कुठल्या ज्यू दुकानातलं?" असं विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, पाणी उकळून गार करायला हवं.

मिरच्या घरच्या संपल्या, मग बाटलीतल्या काढल्या. घरच्या जास्त तिखट निघाल्या. लेकीने केचप घेतलं, नियमात बसून. सासूबाईंनी कोंबडीचा एक खाल्ला, दुसरा अर्धा घेतला, आणि उरलेल्या अर्ध्यावर लसणीची चटणी टाकून मागितली. शिकागोच्या बाहेर गेलं हे, पण मी दिली. बनाचा तळ शेवटच्या घासापर्यंत टिकला. वहीत हे अधोरेखित केलंय.

रात्री साडेअकराला पातेली घासून झाली. चिमटे वेगवेगळ्या खणांत.

१० ऑगस्ट, शनिवार

श्रावण चालू. फ्रीझरमध्ये बन, सॉसेज आणि शेवाळी रेलिशची बरणी. काकडीचा खार ठेवलाय, त्यात गाजराच्या काड्या टाकल्या, वरणभाताशी चांगल्या लागतायत. बायकोही खातेय. शेपू आहे हे तिला माहिती आहे, ती त्याबद्दल बोलत नाही.

शेजाऱ्यांनी २ सप्टेंबरला, लेबर डेला बोलावलंय. त्या दिवशी पोळा, श्रावणी अमावस्या. आम्ही बन आणि काकड्या नेणार. सॉसेजच्या जागी काय, ते ठरलेलं नाही. अख्खं गाजर सोलून, वाफवून, पॅप्रिका, लसूण आणि धुराच्या अर्कात रात्रभर मुरवून तव्यावर भाजतात, तसं करून पाहायचंय. साल कट् म्हणणार नाही. पण सातही वस्तू तशाच राहतील आणि या घरात त्याचं काही अडणार नाही. उद्या जाड गाजरं आणायची, सहा इंच लांब, सरळ.